पुढे गेलेली मोटारसायकल

ती सकाळ मला आजही मिनिटामिनिटाने आठवते, आणि त्यात माझे कर्तृत्व म्हणून सांगावे असे काही नाही. नोकरीत मी दरोडे उघडकीला आणले, खुनाचे दोन अवघड तपास केले, त्यांची कात्रणे घरच्यांनी जपून ठेवली आहेत. हा तपास कुठे छापून आला नाही. तो मीच बंद केला. मुदतीच्या आधी निवृत्ती घेऊन तीन वर्षे झाली. पन्नाशी ओलांडली आहे, पेन्शन नियमित येते. आता लिहिले तर माझे कोणी काही करणार नाही, तेव्हा हे धैर्य समजू नये.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षे होती. मी पूर्व खानदेशातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो. जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माझ्या हद्दीच्या टोकाला, रेल्वेचे एक फाटक होते. फाटक पडले की तिथे जे व्हायचे ते आजही सगळीकडे होते. डांबराच्या डाव्या अंगाला बैलगाड्यांची रांग लागायची, गाड्यांना कंटाळलेले ट्रकवाले उजवीकडून येऊन दुसरी रांग लावायचे, आणि या दोन रांगांच्या मध्ये हातभर, दोन हात अशी एक फट उरायची. त्या फटीतून सायकलवाले आणि मोटारसायकलवाले पुढे जाऊन थेट फाटकाच्या दांड्याला नाक लावायचे. फाटक उघडले की पहिले ते सुटायचे.

त्या वेळी तालुक्यात मोटारसायकली मोजक्या होत्या. कोणती कोणाची, हे आवाजावरून सांगता यायचे. फटीतून पुढे जाण्यात कोणाला काही गैर वाटत नव्हते. जागा आहे, गाडी अरुंद आहे, मग उन्हात दोन ट्रकांच्या धुरात का उभे राहायचे? उभे राहिले तर इंजिन तापते, आणि ट्रकच्या मागे उभ्या असलेल्या मोटारसायकलवर ट्रक उतारावरून मागे आला तर ती चेपली जाते. हे युक्तिवाद मी स्वतः केलेले आहेत, आणि त्यात तथ्य नाही असे आजही म्हणणार नाही.

त्या दिवशी जळगावला गुन्ह्यांच्या आढाव्याची बैठक होती, अकरा वाजता. पावणेदहाला स्टेशन डायरीत नोंद करून मी ठाण्याच्या सरकारी मोटारसायकलवर निघालो. फाटकावर पोहोचलो तर ते बंद. नेहमीच्या दोन रांगा लागलेल्या. थोडा वेळ मी मागे थांबलो. मालगाडी गेली, तरी दांडा वर जाईना. घड्याळ पाहिले, किक मारली आणि दोन रांगांच्या मधून निघालो. कडब्याने भरलेली एक गाडी आडवी पसरली होती, तिथे हॉर्न दाबून धरला. वाट झाली. मी पुढे गेलो. तेवढ्यात पॅसेंजर गेली, दांडा वर उठला आणि मी रुळांवरून सुटलो. मागे वळून पाहिले नाही. मोटारसायकलला तेव्हा आरसाही नव्हता.

संध्याकाळी परत आलो तेव्हा ठाण्याच्या आवारात एक बैलगाडी उभी होती, कडब्यासकट. शेजारी दोन बैल बांधलेले. ओसरीवर एक सत्तरीतला म्हातारा उकिडवा बसलेला.

हवालदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, शांत माणूस. त्यांनी कागद पुढे ठेवले. फाटकावर अपघात, मोटारसायकलस्वार मयत. पारोळ्याकडचा प्राथमिक शाळेचा मास्तर, जिल्हा परिषदेच्या कामाला जळगावला निघाला होता. दोन रांगांमधून जात असताना कडब्याच्या गाडीचा धक्का लागला, उजवीकडे पडला आणि सुटलेल्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली आला. वेळ साडेदहाच्या सुमाराची. पंचनामा झाला होता, प्रेत शवविच्छेदनाला गेले होते, गाडीवानावर कलम २७९ आणि ३०४ अ लावले होते. हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाला म्हणून.

"मी सकाळी तिथूनच गेलो," मी म्हणालो.

"हो साहेब," हवालदार म्हणाले.

"मग माझ्यानंतरच्या फाटकाला झालं असणार."

 हवालदारांनी कागद सारखे केले. मी पुढे काही विचारले नाही. ते फाटक दिवसातून अनेक वेळा पडते, असे मी मनाशी धरले. इतर कोणत्याही गुन्ह्यात मी घटनेची वेळ अशी मनाशी धरली नसती.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला समोर घेतला. गावात त्याला आबा म्हणत, मीही तेच म्हणालो. भाड्याने गाडी हाकणारा माणूस, बोली अस्सल खानदेशी.

"आबा, गाडी उजवीकडे का घेतलीत?"

"साहेब, एक फटफटी उनी. भोंगा वाजाडा. मी बैल बाजूले लिधात. ती निंघी गयी, मंग गाडी जागावर लयी उनू."

म्हणजे, एका मोटारसायकलला वाट देण्यासाठी त्याने बैल डांबराखाली उतरवले आणि ती गेल्यावर गाडी पुन्हा जागेवर आणली. आणताना दुसरी मोटारसायकल बाजूला होती.

"मागे बघायचं नाही?"

"मांगे कडबा व्हता. कडबानी आरपार दिसस का?"

"ती पहिली मोटारसायकल कोणाची?"

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"कसा माणूस होता? कपडे कसले?"

"बैलेसकडे देखू का मानूसकडे देखू, साहेब?"

खात्यात पंधरा वर्षे काढली की एक खोड लागते. आरोपीने तिसऱ्याच माणसाचे नाव घेतले की आपण हसतो. चोर म्हणतो, माल एका अनोळखी इसमाने दिला. मारेकरी म्हणतो, एक काळा माणूस पळताना दिसला. मी म्हाताऱ्याला म्हणालो, ही फटफटी तुमच्या डोक्यातून आली. तो म्हणाला, उनीच व्हती. मी पुन्हा विचारले, कोणाची? तो जमिनीकडे बघत राहिला. तेव्हा मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली.

बापाच्या वयाचा माणूस होता. टोपी पडली, ती त्याने उचलून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "मारा साहेब. पन फटफटी उनीच व्हती."

जामीन झाला, त्याला सोडले, पण गाडी आणि बैल मुद्देमाल म्हणून आवारातच राहिले, त्यामुळे तो रोज बैलांसाठी यायचा. बैलांना घालायला वेगळा चारा सरकारकडे नव्हता. म्हातारा गाडीतल्याच कडब्याच्या पेंढ्या सोडून त्यांच्यापुढे टाकायचा. तो कडबाही मुद्देमालात धरलेला.

"साहेब, मुद्देमालानं मुद्देमाल खायला सुरुवात केली," हवालदार म्हणाले. "कोर्टात दोन्ही हजर करायचे तर घाई करावी लागेल."

कडब्याचा मालक रोज येऊन पेंढ्या मोजून जायचा आणि हवालदारांकडे तक्रार करायचा. सगळे ठाणे हसत होते. मीसुद्धा.

खबर मिळाली ती तिसऱ्या दिवशी. फाटकाजवळ एका मारवाडी शेठचे किराणा दुकान होते. घराणे राजस्थानातले, पण यांचा जन्म इथलाच. मी घटनास्थळ पुन्हा पाहायला गेलो तेव्हा त्यांनी खुर्ची टाकली, पाणी दिले. पंच म्हणून सही करायला ते कधीच तयार नसायचे, कोर्टाच्या फेऱ्यांमुळे दुकान बुडते म्हणून. त्या दिवशी मात्र आपणहून बोलले.

"साहेब, म्हाताऱ्याला सोडा असं मी म्हणत नाही. आम्ही दुकानात बसणारी माणसं. पण तो आपल्या मनानं वळला नाही."

"तुम्ही पाहिलंत?"

"पुढे एक मोटारसायकल गेली. तिला त्यानं वाट दिली. मास्तर तिच्या मागे-मागेच होता, पाच-सात हातांवर. त्याला वाटलं, वाट झालीच आहे, आपणही निघून जाऊ."

"पुढची कोणाची होती?"

शेठनी गल्ल्यावरची उदबत्ती नीट केली. "ते आपण शोधा ना साहेब. शोधणं आपलं काम आहे. माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

व्यापारी माणूस अर्धेच बोलतो हे मला माहीत होते. उरलेले अर्धे काय असावे, हे ताडण्यात मी स्वतःला हुशार समजत होतो. मला वाटले, पुढे गेलेला कोणीतरी वजनदार माणूस असणार. एखाद्या जिनिंग कारखानदाराचा मुलगा, नाहीतर पुढारी. म्हणून म्हातारा बोलत नाही, म्हणून शेठ घाबरतात. माझ्या अंगात एकदम जोर आला. त्या पुढच्या माणसाला मी सोडणार नव्हतो. वाट काढत पुढे जायचे, मागे माणूस मेला तरी थांबायचे नाही आणि म्हाताऱ्याला तुरुंगात पाठवायचे, असला माणूस कोण आहे, ते मला जगाला दाखवायचे होते.

ट्रक धुळ्याचा होता. वाहन निरीक्षकाने तपासून ब्रेक ठीक असल्याचा दाखला दिला होता आणि ट्रक गेला होता. सविस्तर जबाबासाठी मी एसटीने धुळ्याला गेलो. ड्रायव्हर मालधक्क्याजवळ ट्रकच्या सावलीत भाकरी खात बसला होता. त्याने हात धुतले, उभा राहिला.

"आरशात काय दिसलं?"

"एक गेली, मागोमाग दुसरी घुसली. फाटक उघडलं म्हणून मी क्लच सोडला. मागचं चाक उसळलं तेव्हा समजलं."

"पहिली कोणाची?"

"आरशात धूळ दिसते साहेब, नंबर दिसत नाही." मग म्हणाला, "एक बोलू का? तुम्ही लोक मधून जाता ना, तेव्हा आम्हाला तुम्ही दिसतच नाही. आरशाच्या खाली असता. आम्ही अंदाजानं सरळ धरतो आणि देवाचं नाव घेतो."

'तुम्ही लोक' हे त्याने सगळ्या मोटारसायकलवाल्यांना उद्देशून म्हटले, असे मी समजलो आणि तसाच जबाब लिहून घेतला.

परत येऊन हवालदारांना तालुक्यातल्या सगळ्या मोटारसायकलींची यादी करायला सांगितले. प्रत्येक मालक त्या दिवशी सकाळी कुठे होता, याची खात्री करायची. त्यांनी दोन दिवसांत यादी आणली, सुवाच्य अक्षरात. एक डॉक्टर, दवाखान्यात होते. एक खतांचा एजंट, गाडी महिनाभर मेकॅनिककडे उघडी पडलेली. शेतकी अधिकारी रजेवर. एका बागायतदाराची नवी गाडी, पण त्याला ती अजून चालवता येत नव्हती, पूजा करून ओसरीत ठेवलेली. अशी एकेक नावे खाली खाली गेली.

"यादी पूर्ण आहे?"

"जवळजवळ, साहेब."

"जवळजवळ म्हणजे?"

"खाजगी सगळ्या आल्या. सरकारी धरली नाही."

"सरकारी कोणती?"

हवालदार खिडकीकडे वळले. बाहेर लिंबाखाली ठाण्याची मोटारसायकल उभी होती. शिपायाने सकाळीच पुसून ठेवलेली.

मी त्यांच्यावर ओरडलो नाही.  म्हणालो, "मी आधीच्या फाटकाला गेलो होतो."

"असेल साहेब," हवालदार म्हणाले. "गेटमनकडे वही असते."

ते माझ्याबरोबर आले नाहीत, मी त्यांना बोलावलेही नाही. गेटमनच्या खोलीत फाटक बंद-उघड करण्याची नोंदवही खुंटीला टांगलेली असते. त्याने ती काढून दिली. त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला एकदा फाटक पडले होते. त्यानंतर दहा वाजून पाच मिनिटांनी, मालगाडी आणि पाठोपाठ पॅसेंजर अशा दोन गाड्यांसाठी. उघडले दहा सत्तावीसला. पुढचे बंद एकदम बाराच्या पुढे. मी ठाण्यातून निघालो पावणेदहाला, ते माझ्याच अक्षरात स्टेशन डायरीत होते. मला बंद फाटक लागले होते, मालगाडी आणि पॅसेंजर मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आधीचे फाटक, नंतरचे फाटक असे काही नव्हतेच. एकच फाटक होते. दांडा वर गेला, मी रूळ ओलांडले आणि माझ्या पाठीमागे मास्तर पडला.

"काही चुकलं का साहेब?" गेटमन म्हणाला.

"नाही. नोंद व्यवस्थित आहे."

दुसऱ्या दिवशी म्हातारा बैलांना पाणी पाजायला आला तेव्हा मी त्याला आत बोलावले. खुर्चीवर बसायला सांगितले. तो जमिनीवरच बसला. चहा मागवला, तो त्याने बशीत ओतून तसाच धरून ठेवला.

"आबा, पुढची फटफटी माझी होती?"

तो माझ्याकडे नीट बघायला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"तुमनीच व्हती. तुमले माहीत नही का?"

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुम्हीच इचारी राह्यनात, कोन व्हता, कोन व्हता. माले वाटनं, नाव लेवानं नही म्हनीसन तुम्ही मारं."

मी त्याला मारले ते नाव सांगत नाही म्हणून. तो समजला होता की नाव घेऊ नये म्हणून मारले. आणि त्याने ते पाळले. ठाण्यातून घरी गेल्यावरही पाळले, कारण गावात कोणालाच काही ठाऊक नव्हते, हे मी नंतर काढून घेतले.

"आणि वाट का दिलीत?" मी विचारले. काहीतरी विचारायचे म्हणून.

"साहेबनी गाडी उनी तं वाट देवाले नको? बठ्ठा देतस." म्हणजे, सगळेच देतात. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "जेल व्हयी का?"

गाडीवानाने खाजगी मोटारसायकलला कदाचित वाट दिली नसती. भरली गाडी डांबराखाली उतरवणे सोपे नसते, उतारावर बैलांचे खूर ठरत नाहीत, कडबा कलंडतो. त्याने उतरवली ती ठाण्याच्या गाडीचा आवाज ओळखून. साहेब गेले, की आपल्या जागेवर यायचे. साहेबांच्या मागे आणखी कोणी असेल, हे त्याच्या हिशेबात नव्हते. आणि मास्तरच्या हिशेबात एवढेच असणार की फौजदार जातोय, म्हणजे जायला परवानगी आहे.

मी मोटार वाहन कायदा काढून बसलो. दोन वाहनांच्या मधून मोटारसायकल नेऊ नये, असे शब्दशः वाक्य मला सापडले नाही. डाव्या बाजूने चालावे, पुढे जाताना समोरच्याच्या उजवीकडून जावे, दुसऱ्याला धोका होईल तिथे पुढे जाऊ नये, असे नियम होते. जळगावच्या सरकारी वकिलांना भेटलो. मी त्यांना सगळे सांगितले नाही. पुढची मोटारसायकल निष्पन्न होत नाही, एवढेच सांगितले.

ते म्हणाले, "मधून जाणं म्हणजे थांबलेल्या अख्ख्या रांगेला ओव्हरटेक करणं. एका बाजूला ट्रक, एका बाजूला बैल, दोन्ही कधीही हलणार. फाटकावर तर ते करूच नये. गाडीवानावर केस उभी राहील, पण लंगडी. मोटारसायकलस्वाराचीच हयगय दाखवा. आरोपी मयत, समरी मंजूर, विषय संपला. मयत माणूस अपील करत नाही."

या प्रकाराला आम्ही अबेटेड समरी म्हणतो. ज्याचा दोष, तोच मेला, म्हणून खटला चालवण्याचे कारण उरत नाही. त्यात एक मोठी सोय होती. म्हातारा सुटत होता, आणि मीही. म्हाताऱ्याला सोडवण्यासाठी हे करतोय, असे मी त्या आठवड्यात स्वतःला पुष्कळ वेळा सांगितले. पण म्हाताऱ्याला सोडवण्याचा दुसराही एक मार्ग होता. मी साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवायला लावायचा. माझी बढतीची यादी तेव्हा वर गेली होती. एवढेच कारण होते. दुसरे शोधून सापडत नाही.

मी केस डायरीत लिहिले: 'पुढे गेलेल्या अज्ञात मोटारसायकलचा कसोशीने शोध घेतला असता ती मिळून आली नाही. मयत हा थांबलेल्या वाहनांच्या दोन रांगांमधून धोकादायक रीतीने, हयगयीने व बेदरकारपणे मोटारसायकल चालवून स्वतःच्या मरणास कारण झाला.' हवालदारांनी ते वाचले, खाली लागणाऱ्या जागी सही केली आणि म्हणाले, "अक्षर तुमचंच राहू द्या साहेब. मी नक्कल करत नाही." एरवी सगळ्या नकला तेच करत.

समरी मंजूर झाली. बैल, गाडी आणि उरलेला कडबा सोडून दिला. म्हातारा जाताना पाया पडायला वाकला, मी आत निघून गेलो.

मास्तरचे वडील आले ते मुलाची मोटारसायकल ताब्यात घ्यायला. धोतर, पांढरा सदरा, हातात घडी केलेला अर्ज. गावात त्यांना नाना म्हणत. बरोबर नातेवाईक होते, ते बाहेर वाकडे झालेले हँडल सरळ करत बसले. नानांनी पावतीवर सही केली, चष्मा काढला.

"साहेब, एकच इचारनं शे."

"विचारा नाना."

"कागदावर काय लिखं ते वाचीसन दाखाडं माले. मधून घातली, चूक त्याचीच. असंल. मी नाही म्हणत नाही." ते हळूहळू आमच्या कचेरीच्या भाषेत बोलायला लागले, जड वाटत होते तरी. "पण तो मधून घालणारा नव्हता. तो फटफटीवर बसला की गावातल्या बाया हसायच्या. सायकलवाले त्याला मागे टाकायचे. मी म्हणायचो, एवढ्या हळू जायचं तर बैलगाडीच घ्यायची व्हती. फाटकावर तो खाली उतरायचा, गाडी बंद करायचा आणि पेपर वाचत बसायचा. मग त्या दिवशी का घातली?"

"घाई असेल."

"घाई कशी? त्याला बारा वाजता बोलावलं व्हतं. घरातून आठला निघाला." त्यांनी चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "कोणाच्या मागे गेला असंल का?"

माझ्या टेबलावर पेपरवेट होता. मी तो उचलून दुसरीकडे ठेवला.

"कागदावर तसं काही नाही, नाना."

"कागदावर नसंल तर नसंल," ते म्हणाले. चष्मा घातला, नमस्कार केला आणि बाहेर जाऊन हँडल धरायला लागले.

त्यानंतर मी फाटकावर कायमचा शिपाई नेमला. दोन रांगा होऊ द्यायच्या नाहीत, मोटारसायकलने रांगेतच उभे राहायचे, मधून गेला की खटला. वर्षभर एवढे खटले भरले की लोक मला खडूस म्हणायला लागले. वरिष्ठांनी शेरा चांगला लिहिला. तालुक्यातले लोक पुढे-पुढे स्वतःहून रांगेत थांबायला लागले, आणि त्या फाटकावर माझ्या तिथल्या नोकरीत दुसरा माणूस मेला नाही. हे चांगलेच झाले. पण हे मी कोणत्या पायावर केले, ते मला माहीत होते.

दोन रांगांच्या मधून जाणे बरोबर की चूक, हे मला आजही तरुण लोक विचारतात. आता मोटारसायकली उदंड झाल्या आहेत, जळगावजवळच्या पिंप्राळ्यासारख्या वस्त्यांत घरटी एक दिसते, रोज सगळे मधूनच जातात आणि रोज सगळे मरत नाहीत. मी त्यांना सांगतो, फटीतून तुम्ही तुमच्या हिशेबाने जाता. डावीकडच्याला तुम्ही दिसत नाही, उजवीकडच्याला तुम्ही दिसत नाही. दोघांपैकी एकाने जरी आपल्याच जागेवर परत यायचे ठरवले, तरी त्या जागेत तुम्ही असता. एवढे ऐकून ते मान हलवतात. दुसरी गोष्ट मी त्यांना आजवर सांगत नव्हतो. पुढे जाणारा एकटा कधीच जात नाही. त्याला वाट मिळाली, हे पाहून मागचा निघतो, आणि पहिल्याला मिळालेली वाट दुसऱ्याला मिळतेच असे नाही. पुढच्याच्या अंगावर गणवेश असेल, तर मागचा निघणारच.

या तपासाने मला तपासातले काही शिकवले असेल तर ते हे, की घटनास्थळी कोण होते याची यादी करताना पहिले नाव स्वतःचे लिहून मग ते खोडावे. पुढच्या नोकरीत मी तसे केले. त्याचा उपयोग झाला.

म्हातारा काही वर्षांनी गेला. हवालदार पेन्शनीत गेले, नंतर वारले. शेवटपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही. नाना मागच्या वर्षी गेले असे कळले. मी जाऊन आलो नाही. ते असताना पारोळ्यावरून एसटी जायची तेव्हा उतरावे असे अनेकदा वाटले, आणि दर वेळी पुढच्या स्टँडवर आल्यावर वाटले की आता उशीर झाला.

नाना, तुम्ही बरोबर विचारलेत. तो कोणाच्या तरी मागे गेला. तो माझ्या मागे आला. तो एरवी कसा चालवत होता ते तुम्ही सांगितलेत तसेच असणार, आणि चूक झाली ती कायदा पाळणाऱ्या माणसाची झाली. पुढे फौजदार होता.